सौ. स्वानंद स्वानंद सोमण

"तिला नको रे विचारूस मुकुल, ती ऑफिसात नुसते वेबसाइटच्या बटणांचे रंग बदलते!" असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात मोठ्या दिरांना सांगत होत्या, आणि मी दाराबाहेर! आता आत जावं की मागे फिरावं? लग्नाला महिना नाही झाला हो, मी काय बोलणार?

बरं, विषय काय, तर आमच्या सोमणांचा कुलवृत्तांत. कोण कोणाचा, कोणाची सून कुठली, हे सगळं आता वेबसाइटवर, मुकुलदादांनी स्वतः बनवलेल्या, आणि उद्या सकाळी डोंबिवलीच्या हॉलमध्ये अख्खं कूळ जमणार, पडद्यावर घराघराचं पान झळकणार! म्हणून आज वर्तकनगरला, आमच्या घरी, टीव्हीला लॅपटॉप जोडून तालीम. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, पान आलं, त्यात आई... 'सौ. शुभदा श्रीपाद सोमण', वा वा! मग आमचं आलं, आणि तुम्हाला सांगते... 'सौ. स्वानंद स्वानंद सोमण'!

स्वानंद माझा नवरा. तो हसतोय! म्हणजे उद्या सगळ्या कुळासमोर यानं स्वतःशीच लग्न केलेलं, आणि मी? मी कुठंच नाही!

का, ते मला दिसलं ना, दादांनी टीव्हीवरच कोड उघडला तेव्हा! दादांनी पानाच्या साच्यातच, जिथं नुसतं नाव दाखवायचं तिथंच, सगळा कोड कोंबलेला. बाई लग्न झालेली? 'सौ.' लाव. लग्नानंतरचं नाव भरलंय? ते दाखव. नाही भरलं? नवऱ्याचं दाखव! आणि मी नाव बदललेलंच नाही, ऋजुताची ऋजुताच, त्यामुळे रकाना रिकामा. चूक डोळ्यांसमोर... पण मी काय बोलणार?

"अरे, मग ते बदल की," बाबा म्हणाले. देवमाणूस! तर दादा म्हणतात, "बाबा, तोच तुकडा प्रत्येक पानात चिकटवलाय मी, इथं हात लावला की तिथं फुटतं, उद्यापर्यंत नाही व्हायचं... त्यापेक्षा रकाना भरू ना! एक नाव टाकायचं, बस्स!"

एक नाव टाकायचं! कोणाचं? माझं!

"देवयानी टाक," आई म्हणाल्या, "मी नाही का सुमतीची शुभदा झाले? काय बिघडलं?" "जुनं वाटतं गं आई, क्षिप्रा बघ," दादा, बोटं कीबोर्डवर. "स्वानंदी?" हे बाबा! गेला देवमाणूस! मी नवऱ्याकडे बघते, आता बोलेल, आता बोलेल... अहो, तांदळाच्या ताटात अंगठीनं यानंच 'ऋजुता' लिहिलेलं! तर हा म्हणतो, "क्षिप्रा बरंय रे, पण उद्यापुरतंच ना?"

"छे! एकदा सेव्ह केलं की सगळीकडे तेच!"

आणि टीव्हीवर, एवढं मोठं, 'सौ. क्षिप्रा'... दादांचं बोट सेव्हच्या बटणावर, आई हात जोडून, बाबा चष्मा पुसतायत! मी काय बोलणार, मी काय बोलणार, असं म्हणता म्हणता तोंडातून निघालंच, आणि केवढ्यानं!

"दादा, हात काढा! नाव नाही बदलायचं, कोड बदलायचा!"

दादांनी लॅपटॉप अलगद माझ्याकडे सरकवला, इतका अलगद, की पुढचंही मलाच बोलावं लागलं...

"हो, कळलं. सगळी पानं मीच करते."