कपाटातली वायर

हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले, ते दिवस. दिलसुखनगरला कोटीकडे जाणाऱ्या बससाठी उभा होतो. मागे टेलिफोन ऑफिसातली एक बाई भाच्याला झापत होती.

“म्हणे ब्याण्णव टक्के! नेटवर्किंगचं सर्टिफिकेट! तुझ्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला होता मी.”

“आत्या, उत्तरं सगळी बरोबर दिली की.”

“हौ, पोपटासारखी दिलीस. मग त्यांनी वायर आणि पक्कड हातात दिली, दोन कॉम्प्युटर जोड म्हणाले. तू काय केलंस?”

“विचार करत होतो.”

“अर्धा तास? शेवटी खांबावर चढणाऱ्या यादगिरीनं जोडून दिले, धम्मानंद! सगळं ऑफिस हसत होतं.”

“क्लासमध्ये वायर हातात देतच नव्हते गं.”

“म्हणजे?”

“एकच होती. खराब होईल म्हणून सर काचेच्या कपाटात ठेवायचे. आम्ही बाहेरून बघून वहीत चित्र काढायचो.”

“रंगीत?”

“हौ. आतल्या आठही तारांचे रंग स्केचपेननं भरायचे.”

“सहा महिने?”

“चार. पुढचे दोन महिने प्रश्नोत्तरं पाठ केली.”

“आणि तुझ्या बापानं वस्तीभर पेढे वाटले! आता कोण ठेवणार तुला कामावर?”

“ठेवलंय ना. सोमवारपासून जायचंय.”

“कुणी ठेवलं?”

“त्याच क्लासनं. साठ पोरांची नवीन बॅच आहे. मी शिकवणार.”

“काय शिकवणार, डोंबल?”

“नेटवर्किंग. आणि आत्या, कपाटाची किल्लीसुद्धा आता माझ्याकडेच राहणार आहे.”