आई अजून वरच फिरतेय

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. आधी एक सांगा. समोरचा माणूस म्हणतो, "माझं संपलं." आपण काय करतो? मदतीला धावतो. चांगलंय. पण काय संपलं, हे विचारतो का?

आख्यान आजचंच आहे. इस्लामपुरातलं एक घर, आणि कॉम्प्युटरवरचा विमानं आणि अंतराळयानं उडवायचा खेळ. पेटीवाले, हसू नका, तुम्ही मोबाइलवर पत्ते खेळताच की.

केतकी मोठी, इंद्रजित धाकटा. केतकीनं खेळात एक यान अंतराळात पाठवलं. आतल्या बाईला नाव दिलं आईचं, सुलभा. यान वर पोचलं, पृथ्वीभोवती फिरायला लागलं, आणि तिथंच अडकलं. केतकी म्हणाली, "संपलं माझं." आणि या घरात नियम असा, की खेळ मागं नेऊन पुन्हा खेळायचा नाही. झालं ते झालं.

एकोणीस दिवस आई वर. खरी आई खाली भाकरी थापताना विचारायची, "काय रे, अजून फिरतेय का मी?"

"फिरतेयस."

"जेवले का मी?"

रविवारी केतकी नोकरीसाठी नांदेडला निघणार होती. कॉम्प्युटर तिचा, तोही जाणार. "मला तिथं खेळायला वेळ नाही मिळायचा," ती म्हणाली. म्हणजे आई कायमचीच वर.

इंद्रजित म्हणाला, "तुला जमलं नाही ना? सरक, मी आणतो."

आता नीट ऐका. जाळ पेटायला इंधन लागतं आणि हवा लागते. वर हवा नाही. म्हणून यानात दोन टाक्या – एक इंधनाची, एक प्राणवायूची. इंद्रजितनं बनवलेलं विमान हुशार होतं. खाली असताना बाहेरची हवा ओढायचं, इंधन तेवढं टाकीतलं. वर गेलं की दोन्ही टाकीतलं.

केतकी म्हणाली, "इंद्या, इंधन जास्त घे. खालीच निम्मं जातं. प्राणवायू एवढा नको."

"तू नको शिकवू, ताई. तुझंच यान अडकलंय."

दोन्ही टाक्या सारख्या भरल्या साहेबांनी. उडाल्यावर आधी खालच्या हवेतच दोन चकरा मारल्या. कुणाला दाखवायला? बघायला फक्त बहीण!

गेला वर. आईच्या यानाला विमान जोडलं, आणि इंधनाचा काटा शून्यावर. प्राणवायू अर्धी टाकी शिल्लक. भरपूर श्वास आहे, पण पोटात अन्न नाही. खाली उतरायला वेग कमी करायचा, त्यालाही इंजिन लागतं.

त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली. मग म्हणाला, "ताई, माझंही संपलं."

"काय संपलं?"

बघा मंडळी, एकोणीस दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा निघाला.

"इंधन."

केतकी खुर्ची ओढून जवळ आली. "माझा प्राणवायू संपला होता. इंधन आहे की पाव टाकी."

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस?"

दोन्ही यानं जोडलेलीच होती. इंधन इकडं घेतलं, सुलभाबाईंना मागच्या सीटवर बसवलं, इंजिन पेटलं. शनिवारी दुपारी विमान उतरलं. एक चाक मोडलं, तेवढं सोडून द्या.

आई पिठाचे हात घेऊन दारात. "आले का मी?"

"आलीस."

"मग चहा टाक इंद्या. एवढ्या लांबून आलेय."

मंडळी, आज घरी कुणीतरी म्हणेल, संपलं माझं. बायको म्हणेल, भाऊ म्हणेल. लगेच आपलं विमान बाहेर काढू नका. शेजारी बसा, आणि काय संपलं ते विचारा. कदाचित ते तुमच्याकडं नुसतं पडून असेल. आणि तुमचं जे संपलंय, ते त्यांच्याकडं.

घ्या आता टाळ.