हुंकार आहे तोवर धाव

आमचं मूळ खापा, कन्हान नदीच्या काठचं, आन आमच्या घराण्यात आजवर धावलेला माणूस एकच, माझे आजोबा, तेही बैल मागं लागला म्हणून. मी आता हुडकेश्वरले राहतो, हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसतो, काय सांगू तुम्हाला, माझं पोट माझ्याआधी दुकानात पोचते. बोलणं मात्र भरपूर. पोरगी लहान होती तेव्हा रोज गोष्ट सांगो, आन आमच्याकडे ऐकणाऱ्यानं हं हं म्हणून हुंकार द्यावा लागते, हुंकार थांबला का गोष्ट बंद.

तर ही पोरगी, मयुरी. तिले वनरक्षक व्हायचं होतं. पहिल्या भरतीत तीन किलोमीटरच्या दौडीत ही सगळ्यांच्या समोर सुटली, मी कुंपणाबाहेर नाचून राहिलो, आन शेवटच्या चकरीत पाय भरून आले, मटकन खालीच बसली. आता वयात बसणारी एकच भरती उरली होती.

ती सराव करे त्या मैदानावरचे सर म्हणाले, मयुरी, तू रोज जीव तोडून पळते, त्यानं अंगातली साखर भराभर जळते, ती संपली का पाय दगड. हळू धाव, लांब धाव. काही महिन्यांत स्नायूंले रक्त जास्त पोचते, ते चरबीवर चालाले शिकतात, साखर शेवटासाठी वाचते. मी म्हटलं, म्हणजे गाडीचं ॲव्हरेज वाढवाचं. सर म्हणाले, तेच. पण हळू म्हणजे किती? तर म्हणे, धावता धावता बोलता आलं पाहिजे.

बोलणं म्हटल्यावर मी सायकल काढली. पहाटे ती धावे, मी बाजूनं गोष्ट सांगो, तिनं हुंकार द्यावा, हुंकार अडखळला का मी म्हणो, हळू वं. पहिल्या दिवशी पुलाच्या चढावर तर माझाच दम गेला, गोष्टीतला राजा अर्ध्या जंगलात तसाच उभा राहिला. बायको म्हणे, पोरगी धावून नाही राहिली, तुमच्या गोष्टीपासून पळून राहिली. पण पुढं पुढं त्याच चढावर राजा जंगल ओलांडून घरी जाऊन जेवाले लागला, आन मयुरीचा हुंकार तुटेना.

भरतीच्या दिवशी ती मधोमध धावत होती, मान खाली, तोंड लाल. शेवटची चकरी. माझ्यानं राहवेना. कुंपणाबाहेरून गोष्टच ओरडलो, मग त्या म्हातारीनं दार उघडलं वं! बाजूचे सगळे बाप माझ्याकडं पाहून राहिले. मयुरी मान न वळवता म्हणाली, हं.

मी तिथंच रडाले लागलो. दम शिल्लक होता ना! मग तिनं पाय उचलले, आन एकेकीले मागं टाकत गेली.

आता ती जंगलात फिरते. कधी दुपारी फोन येते, बाबा, चढ लागला, सांगा काहीतरी. मी गिऱ्हाइकाले म्हणतो, थांब गा जरा, आन सुरू करतो. तिकडून हं येते, पुन्हा हं येते. तेवढं येत राहो, बाकी मले काही मांगाचं नाही.