कोरडा चंबू

(बोईसरच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. विज्ञान प्रदर्शनाची सकाळ.)

तेजल : पाहिलंत ना मावशी, परत नाही चढलं पाणी. तिसरी खेप. आता सर धीरजचा ज्वालामुखीच मांडणार.

जयवंती : असं म्हनले?

तेजल : अकरापर्यंत कारंजं उडालं तर टेबल माझं, नाहीतर त्याचं.

जयवंती : मग अजून अर्दा तास हाय. मी काय सायन्स शिकले नाय, पन वीस वरसं या लॅबच्या बाटल्या पुसतेय. काय काय केलंस, सांग.

तेजल : नवसागर आणि चुना मिसळून तापवला. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून चंबू उपडा धरून भरला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी भरला. मग बूच लावून नळी फिनॉल्फ्थॅलिन टाकलेल्या पाण्यात सोडली, अमोनिया लागला की ते गुलाबी होतं. चार थेंब चढले, बसले.

जयवंती : आन त्याच्या आदी?

तेजल : आधी काही नाही. चंबू धुतला.

जयवंती : तिनी टायमाला?

तेजल : साबणानं. दोन-दोनदा.

जयवंती : अगो बाय, हा गॅस पान्याचा लई हावरा. आतल्या थेंबांतच पिऊन बसला, मंग खालचं पानी कशाला वर वडंल? मी तर चंबू पुसून, सुकवून दिलेला. परत का धुतलास?

तेजल : माझा हात लागला होता.

जयवंती : हाताला काय झालंय?

तेजल : पहाटे आईबरोबर बोंबील वाळत घातले. वर्गातली रूपल म्हणते, मी शिवलेल्या वस्तूला वास येतो. म्हणून मी सगळंच धुते. आईला तर सांगितलं, पालकांना बोलावलंच नाही.

जयवंती : हे मातर वाईट केलंस. मला राग आला तुजा. आन वासाचं म्हनशील, तर या गॅसनं अख्खा कॉलेज नाक दाबून फिरतोय, त्यालाच सर मार्क देतात. घे, हा दुसरा चंबू. कोरडा ठणठणीत हाय. धुवायचा नाय.

तेजल : माझा हात लागला परत.

जयवंती : लागू दे. भर सावकाश, घाई नको... हां, झाला. लाव बूच. सोड आता.

तेजल : चढतंय. मावशी, चढतंय. गुलाबी झालं बघा, पार वरपर्यंत.

जयवंती : बघतेय ना. सरांना बोलावू?

तेजल : थांबा, आधी एक फोन करते... आये, कुठं हायस? बाजारात? मी खोटं बोलले गो. सगळ्यांच्या आया येतात, तू पण ये. नाय, घरी नको जाऊस, लुगडं बदलायला टाइम नाय. बोंबलांची पाटी घेऊनच ये. माझ्या टेबलाखाली ठेवू.