अकरा दिवसांची कोंबडी

तुम्ही सारखं विचारता ना, "पास्टर, एवढं फिरून दमत नाही का?" राव, माणूस फिरून दमत नाही, कोंबडी खाऊन दमतो. प्रभूच्या सेवेसाठी कुठल्याही गावी जा, पाहुणा म्हणून ताटात कोंबडीच येते. नको म्हणावं तर घरची बाई हिरमुसते.

मागच्या महिन्यात जालना केलं, नंदुरबार केलं, येताना चाकणला कंपनीतल्या पोरांच्या खोलीवर प्रार्थना घेतली. अकरा दिवस रोज कोंबडी. पिंपरीत घरी पोचेपर्यंत डोळ्यांसमोर फक्त वरण-भात. दार उघडलं, तर आतून रश्शाचा वास.

बायकोला म्हटलं, "अगं, साधा वरण-भात लावायचा ना!"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तो आम्ही रोजच खातो. तुम्ही येणार म्हणून कोंबडी केली."

"मी काय पाहुणा आहे?"

तिनं मान वर केली नाही. "परवा कुठं निघालाय?"

"धुळ्याला."

"मग पाहुणेच की. खा निमूट."

मी हात धुतले, पण ताटावर बसायच्या आधी धुळ्याला फोन लावला, येणं जमत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी वरण-भात होता. वर तूपसुद्धा.