दोन नोड दिसूनच नाई राहिले

...नाई नाई काकाजी, उठू नका, बसा तुम्ही. मी तुमच्यावर नाई ओरडली, या लॅपटॉपवर ओरडली. आईनंच बसवलं ना तुम्हाले इथं — समोरच्या खोलीतला कूलर बंद आहे म्हणून — अन् ती गेली आलुबोंडे तळाले. आता पाहा, मोहितचे बाबा खुद्द खापरखेड्याहून आले, या सोयरिकीचा होकार का नकार ते आज सांगणार, अन् मुलगी अशी! गाऊनवर ओढणी, केसात पेन खोचलेला. कोणी सांगतलंच नाई मले तुम्ही येऊन राहिले म्हणून. काय? मुद्दामच नाई सांगतलं? बरं केलं. मुलगी रोजची कशी राहते ते पाहाचं होतं ना — पाहा मंग. अशीच राहते.

बिघडलं का म्हणता — कसं सांगू? कंपनी माझी पुण्याची, काम मी घरून करते. आमचं एक गिऱ्हाईक आहे, वाडीले गोडाऊनं आहेत त्यांची. मालाचा नंबर टाकला की खोका कोणत्या गोडाऊनात, कोणत्या रांगेत, ते झटक्यात दिसलं पाहिजे — ते शोधाचं काम माझ्याकडं. सर्व्हर इथं नाई, क्लाउडवर आहेत, म्हणजे भाड्याचे, दूर कुठंतरी. अन् सकाळपासून नंबर टाकला की काहीच येत नाई. ट्रक उभे आहेत अमरावती रोडवर, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिले, अन् तिथला सुशील सुपरवायझर मले फोनवर काय काय बोलला ते तुमच्यासमोर नाई सांगत. कोणती कंपनी? आता वाडीत का गोडाऊनांची कमी आहे काकाजी! असंन एखादी. पाणी घ्या ना.

तर तीन सर्व्हर आहेत. नोड म्हणतो आम्ही त्याले. तिघं मिळून आपल्यातून एक कर्ता निवडतेत, मंगच काम चालते. ग्रामपंचायतीचा कोरम राहते ना, तसंच — तिघांतले दोघं तरी हजर पाहिजेत. एकटा उरला तं तो म्हणते, मी एकटा कसा ठरवू? हात वर करून बसते. अन् इथं दोन नोड दिसूनच नाई राहिले! काल मीच सेटिंग बदलवली होती — मेमरी वाढवली — अन् मेमरी जास्त मागितली की नोड उठतच नाई कधी कधी. म्हणून सकाळपासून स्वतःलेच शिव्या देऊन राहिली. नावं पाहिली, बरोबर. पत्ते पाहिले, बरोबर. जुनी सेटिंग परत टाकाले गेली तं आत जाताच येत नाई. पुण्याचे साहेब म्हणतेत, रितिका, घरून काम करते म्हणून तुझं लक्ष नाई राहत. घरून म्हणजे का — मी तं स्वयंपाकघरात पायही नाई टाकत! ...म्हणजे टाकते. टाकते ना. वरण-भात येते मले. पोळ्या... पोळ्या आईच करते.

लग्नानंतर? हो, नोकरी करीनच. मोहितले चालते ते, त्यानं कधीच — म्हणजे रविवारी विचारलं ना मी त्याले. तुम्हीच नाई का पाठवलं आम्हाले गच्चीवर, बोला म्हणून? तेवढीच तं भेट आमची. नाई, आम्ही पोरं काय ठरवणार काकाजी, मोठ्यांनी ठरवलेलंच बरं. तुमच्या मोठ्या मुलानं आपल्या मनानं लग्न केलं तं तुम्ही त्याले वर्षभर उंबरा चढू नाई दिला, बरोबरच केलं. ...कोणी सांगतलं? कामिनीआत्यानं. तुमच्या बहिणीनंच तं आणलं ना हे स्थळ, तिच्याकडूनच कळलं.

थांबा. एक मिनिट, एकच मिनिट. मी पण का येडी आहे! सेटिंग चुकली तं शोध बंद पडंन — मशीन तं बोलली पाहिजे ना! दार ठोकून राहिली मी सकाळपासून अन् आतून हूं नाई का चूं नाई. म्हणजे मशीनच बंद आहेत! कोणीतरी बटण दाबून बंद केल्या! अन् मले चालू करता येत नाई, चालू-बंद कराचं खातं वाडीच्या ऑफिसात. फोन करते — बसा तुम्ही, बसा —

हॅलो! दोन सर्व्हर कोणी बंद केले? तू? काहून पण? ...रिकामे बसले होते? अरे रिकामे नाई बसत ते, हजर राहतेत! कर्ता एक दिसते म्हणून बाकीचे फुकटे झाले का? ...बाबांनी तुले का शिकवलं ते मले नको सांगू! रिकाम्या खोलीतला पंखा आहे का तो? दोन वर्षांपासून पाहून राहिली मी तुले — फुटाळा तलावावर बसलो तरी बाजूच्या ठेल्यावरचा लाईट रिकामाच जळून राहिला म्हणून तो बंद कराले उठून जाते हा माणूस! आधी चालू कर ते, मोह्या, मंग बोल माझ्याशी!

...

काकाजी.

हो. तोच. तुमचाच मोहित. आता का लपवू — वाडीची ती कंपनी त्याचीच. कामाच्या फोनवरच ओळख झाली आमची, दोन वर्षं झाली. कामिनीआत्यावर नका चिडू, तिले आम्हीच गळ घातली, तुझं स्थळ म्हणून घेऊन जा म्हटलं. रविवारी गच्चीवर गेलो तं हसूच आवरत नव्हतं आम्हाले. आता नाई येऊन राहिलं हसू. भीती वाटून राहिली काकाजी, खरं सांगते — तुम्ही उठून गेले तं तो तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाई, अन् मी त्याले जा म्हणणारही नाई. पण रागही येऊन राहिला! सकाळपासून मी स्वतःले नालायक समजून राहिली, साहेबाचं ऐकलं, सुशीलचं ऐकलं — अन् हा तिकडं वीज वाचवून राहिला! तुमची शिस्त ना ती? खापरखेड्याच्या तुमच्या कॉलनीत रिकाम्या खोलीत दिवा दिसला की तुम्ही पोरांले जेवणावरून उठवत होते. तोच सांगते, अभिमानानं सांगते. माझी सकाळ गेली तुमच्या शिस्तीत!

...हे पाहा. आला एक. दोन झाले. कर्ता ठरला — शोध चालू झाला! पाहा ना काकाजी, खोके दिसून राहिले. उठू नका ना. नाई म्हणा, ओरडा, पण बसा.

घ्या. त्याचाच फोन आहे. नाई, मी नाई उचलत, तुम्हीच उचला. होकार-नकार काय ते मंग सांगा. आधी त्याले रागवा, बाबा, चांगलं जोरानं रागवा — तिसरा अजून बंद आहे.