लसूणराणीचे मोती

ग्युताए: …तर आपण आमच्या मोबाइलवरच्या खेळातल्या सर्वांत मानाच्या खेळाडू आहात, लसूणराणी महोदया. महिनाभर आपण मोती विकत घेतले नाहीत, म्हणून कंपनीतर्फे मी स्वतः फोन केला. काही गैरसोय झाली का?

आई: ग्युताए? घसा बसलाय का रे तुझा?

ग्युताए: …आई?

आई: मग दुसरं कोण?

ग्युताए: तू लसूणराणी? अगं, फोन यंत्रच लावून देतं, आम्हाला इथे नंबर दिसत नाही, नुसतं टोपणनाव दिसतं. अख्खं ऑफिस समजत होतं, गंगनमच्या श्रीमंत वस्तीत चार इमारती असलेली कुणी बाई आहे!

आई: इमारती कसल्या? इथे गावाकडे, नामहेत, लसणाची दोन वावरं आहेत, ती तुला ठाऊकच आहेत.

ग्युताए: पण तू हा खेळ खेळतेस कशाला?

आई: नववर्षाला आलास तेव्हा तोंड पाडून बसला होतास. खेळात माणूस फिरकत नाही म्हणालास. तुझ्या मामीनं खानावळ काढली, तेव्हा सुरुवातीला आम्हीच रोज जाऊन जेवत होतो ना? तसंच हे.

ग्युताए: आणि पैसे?

आई: तू दर महिन्याला पाठवतोस ते. त्यात थोडे लसणाचे. मला कशाला लागतात? तुझेच तुला परत. घरातले घरात.

ग्युताए: घरात कुठले, आई! फोनमधलं दुकान शंभरातले तीस कापून घेतं. उरलेले कंपनीला. त्यातून माझा पगार.

आई: तीस? ना गाळा, ना हमाल, ना झाडलोट! आमचा बाजारातला अडत्या याच्यापुढे देवमाणूस म्हणायचा. आणि मोती विकायची ही तऱ्हा कसली रे? खेळातल्या बाहुलीची टोपी नऊशे मोत्यांची, मोत्यांच्या पिशव्या पाचशेच्या नाहीतर बाराशेच्या. दरवेळी काहीतरी उरतं, ते वाया जाऊ नये म्हणून पुन्हा पिशवी घ्या. मी लसूण असा विकला तर लोक माझी पाटी उलटी करतील. कुणा लबाडानं ठरवलं हे?

ग्युताए: …मी. त्याच्यावरच बढती मिळाली.

आई: हं. बाबांवर गेलायस.

ग्युताए: बरं, पण या महिन्यात का थांबलीस?

आई: तू पैसे पाठवले नाहीस.

ग्युताए: पगार कापला होता. कंपनीचं उत्पन्न घटलं म्हणून.

आई: आणि तू पाठवले नाहीस म्हणून मी मोती घेतले नाहीत.

ग्युताए: आणि तू घेतले नाहीस म्हणून शुक्रवारी आमची टीम ठेवायची की नाही ते ठरणार आहे. पैसे टाकणारं दुसरं उरलंय कोण? आमचे पिओसाहेब म्हणाले, लसूणराणीला परत आण, नाहीतर टेबल आवर.

आई: एवढंच ना? थांब, चष्मा कुठे गेला… बियाण्याचे पैसे ठेवलेत, त्यातून—

ग्युताए: नको! बियाण्याचे पैसे असल्या खेळात घालतात होय?

आई: गिऱ्हाइकाशी असं बोलतात? तुझ्या साहेबांनी ऐकलं तर?

ग्युताए: ऐकू दे. एक मोतीसुद्धा घ्यायचा नाही. माझी शपथ आहे तुला.

आई: मग तुझं कसं होणार?

ग्युताए: बघतो काहीतरी.

आई: बघतो म्हणालास की मला धडकी भरते. बरं, बियाण्याला हात नाही लावत. तू पैसे पाठवशील तेव्हाच घेईन. आता ठेव, फुकट बोलत बसलास म्हणून पगार कापतील तुझा.

(फोन बंद होतो. पिओसाहेब टेबलापाशी येतात.)

पिओ: काय म्हणाल्या बाई?

ग्युताए: मुलाकडून पैसे आले की घेतील म्हणाल्या.

पिओ: म्हणजे मुलाच्या जिवावर उड्या! आणि आपण चार इमारतींची मालकीण समजत होतो. बरं, मुलगा कसा आहे?

ग्युताए: बरा आहे. हा महिना सोडला तर पैसे पाठवायला कधी चुकला नाही.

पिओ: मग आता पाठवेल ना?

ग्युताए: नोकरी टिकली तर, साहेब.